दोन फुटी फिश टँक देखणा करायचा तर आधी काय काढायचं?

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात फोंड्याला फ्लॅटच्या हॉलमध्ये 24 × 12 × 12 इंचांची टाकी आहे. तळाला निळी खडी, मागे कोरलचं पोस्टर, एक किल्ला, बुडबुडे सोडणारा शिंपला. मासे म्हणजे दोन गोल्डफिश, दोन एंजल, चार गप्पी आणि काच चाटणारा एक सकर. पाणी स्वच्छ असतं, मासे धडधाकट आहेत, तरी टाकी दुकानातल्या शोकेससारखी दिसते. चतुर्थीला आठ-नऊ आठवडे आहेत, घरी माणसं येतील, तोवर फार खर्च न करता काय करता येईल?

आठ आठवडे पुरतात, पण काम या आठवड्यातच सुरू करायला हवं. झाडं रुजायला सहा आठवडे लागतात, आणि मधे दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात टाकी आजच्यापेक्षा वाईट दिसते. त्याबद्दल पुढे सांगतो.

दोष वस्तूंचा नाही, गर्दीचा आहे. चतुर्थीला गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीत नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, केळ्यांचा घड असं जेवढं मिळेल तेवढं बांधायचं असतं आणि ती भरगच्चच शोभते. दोन फुटांच्या काचेत तोच हिशेब लावला की नजर कुठेच थांबत नाही. म्हणून निम्मं काम काढून टाकण्याचं आहे.

पहिलं पोस्टर. निळ्या समुद्राच्या चित्रापुढे गोड्या पाण्यातले मासे कधीच खरे वाटत नाहीत. मागची काच बाहेरून कोरडी पुसा आणि रेडियमवाल्याकडून काळ्या रंगाचं, चमक नसलेलं व्हिनाइल 24 × 12 इंच कापून आणा. काचेवर साबणाचं पाणी शिंपडून ते चिकटवा आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे दाबत हवा बाहेर काढा. स्टेशनरीतला काळा कार्डपेपर लावू नका. जुलैच्या दमट हवेत तो चार दिवसांत फुगतो. काळ्या पाठीमागचा दुसरा फायदा म्हणजे काळ्या नळ्या आणि फिल्टर त्यात दिसेनासे होतात. गडद परिसरात माशांचे रंगही उठतात; फिक्या खडीवर आणि उजळ पाठीवर तेच मासे फिके पडतात.

आता खडी. रंगीत खडी धुऊन परत वापरायचा मोह टाळा, तिचा रंग वर्षभरात उडतो आणि दाण्यांच्या फटींत अन्न कुजतं. समुद्रकिनाऱ्यावरची रेती तर नकोच. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, त्याने पाण्याचा कठीणपणा आणि पीएच चढत राहतो. मांडवी-जुवारीच्या खालच्या पट्ट्यातली रेतीही त्यातलीच, कारण या नद्यांत भरतीचं खारं पाणी बरंच आत येतं. गोव्यात एक सोपी सोय आहे: हॉटेलांच्या स्विमिंग पूलच्या फिल्टरमध्ये घालतात ती सिलिका सँड. पूलचं सामान विकणाऱ्यांकडे ती पोत्याने मिळते. दाणा 0.5 ते 1 मिलीमीटरचा, रंग मळकट पांढरा ते तांबूस, आणि पाण्याच्या गुणात काही फरक करत नाही.

किती लागेल? तळ 60 × 30 सेंटिमीटरचा, सरासरी जाडी 5 सेंटिमीटर, म्हणजे 9 लिटर रेती. वजनात साधारण 14 किलो. 15 किलो आणा. तीन-तीन किलोचे वाटे करून बादलीत हाताने ढवळत धुवा, वरचं पाणी चहासारखं न राहता निवळ दिसेपर्यंत. कंटाळून अर्धवट धुतलीत तर टाकी आठवडाभर दुधाळ राहील.

रेती सपाट पसरू नका. पाण्यातून बघताना खोली चौथ्या हिश्शाने कमी भासते, त्यामुळे तुमची 12 इंच खोल टाकी समोरून 9 इंचांचीच वाटते. हा तोटा उताराने भरून काढायचा: पुढच्या काचेला 1 इंच, मागच्या काचेला 3 इंच, आणि जिथे मुख्य दगड येणार त्या कोपऱ्यात 4. नुसता रेतीचा उतार महिन्याभरात घसरून सपाट होतो. म्हणून मागच्या बाजूला खाली नायलॉनच्या मच्छरदाणीच्या कापडात चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, तुकडे बांधून दोन-तीन पुरचुंड्या ठेवा आणि वरून रेती घाला. उंची टिकते, रेतीही वाचते.

चिऱ्याचा विषय निघालाच आहे तर दगडांचंही बोलू. दुकानातले डोंगरासारखे दिसणारे महागडे दगड आणायची गरज नाही. जांभा आपल्या दारात आहे, दिसायला सुंदर आहे आणि त्याच्या भोकांत मॉस आणि अ‍ॅनुबियास ही पाण्यातली झाडं घट्ट धरतात. तो पाण्याचा कठीणपणाही वाढवत नाही. अडचण एकच, खाणीतून नुकता कापलेला चिरा मऊ असतो आणि पाण्यात लाल गाळ सोडत राहतो. जुन्या गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, कितीतरी पावसाळे खाल्लेला, नखाने खरवडल्यावर न झडणारा तुकडा घ्या. ताठ ब्रशने घासा, आठवडाभर बादलीत बुडवून रोज पाणी बदला. पाचव्या-सहाव्या दिवशीही पाणी तांबडं होत असेल तर तो दगड बागेत टाका. घाटातला काळा दगडही उत्तम. एवढंच पाहा की एका टाकीत दोन जातींचे दगड नकोत. नजरेला ते लगेच खटकतं. अनोळखी दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. फेस आला तर त्यात चुना आहे, तो नको.

पावसात गडग्यावर वाढलेलं हिरवं शेवाळ मात्र दगडाबरोबर टाकीत घेऊ नका. ते जमिनीवरचं आहे, पाण्याखाली दोन-तीन आठवड्यांत कुजतं.

मांडणी करताना दगड विषम संख्येत घ्या, तीन किंवा पाच. मुख्य दगड असा हवा की त्याचा माथा तळापासून 7 ते 8 इंचांवर येईल, म्हणजे टाकीच्या उंचीच्या दोन-तृतीयांश. तो मधोमध नको. डावीकडून किंवा उजवीकडून 8 इंचांवर, म्हणजे रुंदीच्या एक-तृतीयांशावर ठेवा आणि किंचित एका बाजूला झुकवा. बाकीचे त्याच्याच दिशेने झुकलेले, त्याच्या निम्म्या उंचीचे किंवा कमी. प्रत्येक दगड खालचा तिसरा हिस्सा रेतीत पुरून बसवा. नुसता वर ठेवलेला दगड ठेवलेलाच दिसतो, उगवलेला दिसत नाही. समोरच्या काचेपासून किमान 3 इंच आणि एका बाजूला सलग 8-9 इंच काहीही न ठेवता मोकळी रेती सोडा. तुमच्या टाकीतला सगळ्यात मोठा बदल या रिकाम्या जागेने होईल, आणि चार दिवसांनी तिथे काहीतरी ठेवावंसं वाटेल तेव्हा हात आवरा. जपानच्या ताकाशी अमानो यांनी 1990च्या दशकात मत्स्यटाकीची जी निसर्गशैली जगभर नेली, तिच्यातली टाकी भव्य वाटते ती मोकळ्या जागेने आणि बारक्या माशांनी.

लाकूड हवं असेल तर एकच तुकडा, दगडाच्या मागून पुढे येणारा. किनाऱ्यावर वाहून आलेली लाकडं मिठाने भरलेली असतात. खारफुटीची मुळं तोडून आणणं गुन्हाच आहे, आणि कोरलचंही तसंच: ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, किनाऱ्यावर पडलेलं सापडलं तरी घरी आणू नका. दुकानातलं ड्रिफ्टवुड तासभर उकळा, मग दोन आठवडे बुडवून ठेवा, दर दोन दिवसांनी पाणी बदला. टाकीत गेल्यावर त्यावर पांढरा बुळबुळीत थर येतो. तो निरुपद्रवी असतो, दोन-तीन आठवड्यांत जातो.

चिऱ्याच्या टाकीला देशी बदामाची वाळलेली पानं फार शोभतात. रस्त्याकडेला आडव्या फांद्यांचं जे बदामाचं झाड असतं त्याचीच. स्वतः गळलेली, पूर्ण तपकिरी, फवारणी नसलेल्या जागेवरची. तुमच्या टाकीला दोन पानं पुरेत. पाण्याला फिकट चहाचा रंग येतो, मासे शांत होतात. हा रंग नको असेल तर पानंही नकोत. आणि रंग हवा असेल तर फिल्टरमध्ये कार्बन घालू नका, तो रंग शोषून घेतो.

अदलाबदलीचा दिवस एकच ठेवा, सकाळपासून. मासे मोठ्या टबात, टाकीच्याच 15-20 लिटर पाण्यात, वर जाळी, आणि त्यात तुमचा चालू फिल्टर सुरूच. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. त्यातले जिवाणू माशांचा अमोनिया पचवतात आणि नळाच्या क्लोरीनने ते मरतात. देखावा बदलताना टाकीचं पाणी बिघडतं ते बहुतेक याच चुकीने. नवीन रेती पसरल्यावर तिच्यावर जुनं ताट किंवा प्लास्टिक ठेवून हळू पाणी ओता, नाहीतर उतार धुऊन जाईल. त्यानंतरचा आठवडा खाऊ निम्मा आणि दर दोन दिवसांनी 10 लिटर पाणी बदल.

नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढणारे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात, किंवा पाणी उघड्या बादलीत 24 तास. विहिरीचं असेल तर क्लोरीन नसतं, पण जांभ्याच्या जमिनीतलं पाणी बहुधा मऊ आणि थोडं आम्लधर्मी असतं. झाडांना ते आवडतं. फक्त त्यात पीएच धरून ठेवणारे क्षार इतके कमी असू शकतात की काही महिन्यांत तो अचानक घसरतो. उपाय स्वयंपाकघरातच आहे: तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, त्यांची रिकामी कवचं उकळून, कुटून, एक मोठा चमचा भरून कापडाच्या पिशवीत फिल्टरमध्ये ठेवा. (सुक्क्यातल्या मसाल्यासकट नव्हे, स्वच्छ घासून.) विहिरीचं पाणी बादलीत ठेवल्यावर तांबूस होत असेल तर त्यात लोह आहे. रात्रभर एअर पंप लावून गाळ बसू द्या आणि वरचं तेवढं घ्या.

झाडं पहिल्याच दिवशी भरपूर लावा. दोन-दोन काड्यांनी सुरुवात केली की मोकळ्या राहिलेल्या प्रकाशावर शेवाळ पोसतं. तुमच्या मापाला मागे 15-20 वॅलिस्नेरिया किंवा तितक्याच काड्या हायग्रोफिला डिफॉर्मिस, ज्याला दुकानात वॉटर विस्टेरिया म्हणतात. मधे दगडांच्या बुडाशी क्रिप्टोकोरिन वेंडटीची पाच-सहा रोपं. दगडांवर तीन अ‍ॅनुबियास नाना आणि एक-दोन जावा फर्न. या दोघांचं आडवं खोड रेतीत पुरलं तर कुजतं. ते दगडालाच बांधायचं, काळ्या सुती दोऱ्याने किंवा फेविक्विकच्या जातीच्या जेल गोंदाच्या दोन थेंबांनी. हा गोंद पाण्यात घट्ट होतो आणि माशांना अपाय करत नाही. वॅलिस्नेरियाचं पांढरं बूड, जिथून पानं फुटतात, ते रेतीच्या वर राहायला हवं. मुळांचा कापूस पूर्ण काढा, पानाखाली जेलीसारखी अंडी दिसली तर पुसून टाका, नाहीतर महिन्याभरात गोगलगायीच गोगलगायी.

पूल सँडमध्ये खत नसतं. क्रिप्ट आणि वॅलिस्नेरियाच्या मुळांजवळ 4-5 इंचांच्या अंतराने रूट टॅब, म्हणजे मुळांसाठीच्या खताच्या गोळ्या, खुपसा, दर तीन महिन्यांनी परत. क्रिप्टची पानं पहिल्या पंधरवड्यात विरघळतील. झाड मेलं समजून उपटू नका, मुळातून चौथ्या आठवड्यापर्यंत नवी पानं येतात. साखर-यीस्टच्या बाटलीने कार्बन डायऑक्साइड द्यायची युक्ती मात्र गोव्याच्या उष्म्यात करू नका. पहिले चार दिवस ती बेफाम चालते, मग मंदावते, आणि या चढउतारावरच काळं केसाळ शेवाळ माजतं. वर सांगितलेली झाडं त्याशिवाय नीट वाढतात.

दिवा: तुमच्या टाकीतल्या साधारण 40 लिटर पाण्याला 1000 ते 1200 ल्युमेन पुरे, म्हणजे 12 ते 15 वॅटचा एलईडी, 6500 केल्विनचा. निळा-जांभळा प्रकाश देणारा नको, त्यात हिरवा रंग मरतो. पट्टी मधोमध न ठेवता पुढच्या काचेकडे सरकवा, म्हणजे माशांच्या आणि पानांच्या तोंडावर उजेड पडतो. टायमर लावाच. पहिले तीन आठवडे रोज 6 तास, नंतर 7, फार तर 8. टाकी खिडकीच्या उन्हात असेल तर बाकी सगळं फुकट आहे, हलवा. पण भरलेली नव्हे. पाणी, रेती, दगड, काच मिळून ती 70-75 किलोची असते, पाणी भरून सरकवली की शिवण उसवते.

उपकरणं लपवणं हा स्वतंत्र विषय वाटतो, पण गोव्यात तो सोपा आहे, कारण हीटर लागत नाही. तो सरळ काढा. फिल्टर मागच्या कोपऱ्यात, मुख्य दगडाच्या बाजूला, पुढे वॅलिस्नेरिया. बुडबुड्यांचा शिंपला काढल्यावर हवेची काळजी वाटेल; फिल्टरचा झोत पृष्ठभागाला समांतर ठेवून पाणी लहरत राहिलं की पुरतं. वर तेलकट साय जमत असेल तर तीही याने जाते. वायर टाकीतून थेट प्लगकडे नेऊ नका, मधे प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकेल. लोखंडी स्टँड खाऱ्या हवेत गंजतो. वर्षातून एकदा रंगाचा हात मारा. प्लायवुडचा असेल तर उघड्या कडा सील करा, पावसाळ्यात त्या फुगून टाकी तिरकी होते.

मासे. हा भाग तुम्हाला आवडणार नाही. गोल्डफिश आणि सकर या मापाच्या टाकीचे नाहीतच. गोल्डफिश झाडं कुरतडतात, रेती उकरतात, आणि सकर पुढे फूटभराचा होतो. ते दुकानाला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्याला. ओढ्यात, तळ्यात, नदीत कधीच सोडू नका. सकर आपल्या पाण्यात तग धरतो आणि तिथल्या माशांच्या मुळावर येतो. एंजलही वाढले की टाकी त्यांना उंचीला अपुरी पडते, आणि ते बारके मासे गिळतात. त्यांच्या जागी एकाच जातीचा एक थवा घ्या: 10-12 एम्बर टेट्रा किंवा कार्डिनल. नेऑन स्वस्त असतो पण त्याला 25 अंशांच्या आतलं पाणी मानवतं, आणि मे महिन्यात तुमची टाकी 30-31 ला जाते. तळाला सहा कोरिडोरास, स्टर्बाई मिळाले तर उत्तम, ते उष्मा सोसतात. दहा छोटे मासे एकत्र वळताना बघितले की दोन-दोन, चार-चारच्या चार जाती कशाला आणल्या होत्या असं वाटेल. सगळे एकदम आणू नका: झाडांनंतर तीन आठवड्यांनी थव्याचा निम्मा भाग, दहा दिवसांनी उरलेला. गप्पी ठेवायचेच असतील तर फक्त नर ठेवा.

आता ते वाईट आठवडे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काच, रेती आणि पानांवर तपकिरी भुकटी बसेल. नव्या टाकीत ती येतेच, बोटाने पुसली जाते, महिन्या-दीड महिन्यात आपोआप हटते. रेती वरवर ढवळा, काच पुसा, औषध टाकू नका. काचेवर हिरवे कडक ठिपके आले तर जुन्या एटीएम कार्डाने किंवा ब्लेडने खरवडा. ब्लेड सिलिकॉनच्या शिवणीला लावू नका. अ‍ॅनुबियासच्या कडेला काळे केस दिसले तर ते पान कापा. दगडावर असतील तर फिल्टर बंद करून सिरिंजने 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड थेट त्यावर सोडा, एका वेळी सगळं मिळून 10 मिलीपेक्षा जास्त नाही, आणि दहा मिनिटांनी फिल्टर सुरू करा. औषधाच्या दुकानातली बाटली बहुधा 6 टक्क्यांची असते. लेबल बघून तेवढंच पाणी मिसळा.

पावसाळ्यात वीज जाणारच. मागे टांगायचा फिल्टर असेल तर वीज आल्यावर तो पाणी ओढतोय ना ते बघा, कोरडा फिरून मोटर जळते. बॅटरीवरचा एअर पंप घरात ठेवा. चार-पाच तासांपेक्षा जास्त वेळ वीज गेली तर बंद डब्याच्या फिल्टरमधलं साचलेलं पाणी आधी ओतून द्या, मगच सुरू करा. ते कुजलेलं असतं.

चतुर्थीच्या दहा दिवस आधी वॅलिस्नेरियाची वाढलेली पानं आणि विस्टेरियाचे शेंडे छाटा, म्हणजे सणापर्यंत नवी पालवी येते आणि कापल्याच्या खुणा झाकल्या जातात. दोन दिवस आधी 10 लिटर पाणी बदला, आतली काच पुसा, बाहेरची काच कोरड्या कापडाने. फिल्टर त्या आठवड्यात धुऊ नका. टायमर पुढे सरकवा: दुपारी 3 ला दिवा लागून रात्री 10 ला जाईल असा, म्हणजे संध्याकाळच्या आरतीला माणसं जमतील तेव्हा टाकी उजळलेली असेल. आणि खाऊची डबी कपाटात वरच्या फळीवर ठेवा. पाहुण्यांची पोरं दहा जणांत दहा वेळा खाऊ घालतात, आणि पंचमीला सकाळी पाणी दुधाळ होतं ते त्यामुळेच.